दौड कुणी वाढवली?

१

मुंगी पडली ती मैदानाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपाशी. आणि ती पडली तेव्हा चिकाटी दौड केव्हाच संपलेली असायला हवी होती.

सगळी गोम या दुसऱ्या वाक्यात आहे बघा. धावणारी पोरं पडतात, गुडघे फोडून घेतात, रडतात आणि पुन्हा उठतात. पण संपलेल्या दौडीत कुणी कसं पडेल?

ही दौड म्हणजे मोठ्या बाईंची कल्पना. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेला नवी प्रयोगशाळा हवी होती आणि देणगी मागत दारोदार फिरायचा बाईंना मनापासून कंटाळा. मग त्यांनी ठरवलं की मुलंच धावतील. प्रत्येकाने काका, मावशी, शेजारी, जो सापडेल त्याला गाठून दर फेरीमागे काही रक्कम कबूल करून घ्यायची आणि झेपतील तेवढ्या फेऱ्या मारायच्या. नंबर नाही, बक्षीस नाही. फेरी झाली की मनगटात एक रबरबँड. महिनाभर बाई रोज प्रार्थनेनंतर सांगत होत्या, "दमलात तरी थांबायचं नाही. चालत जा, रांगत जा, पण थांबायचं नाही."

आणि खोटं कशाला बोला, पोरं बदलली होती. जिना चढताना धापा टाकणारा सातवीतला गोलू हूं की चूं न करता चालत चालत फेऱ्या पुऱ्या करत होता. पाचवीतली मुंगी तर वर्गात सगळ्यात लहान चणीची. पहिल्या सरावाला अर्ध्या वाटेत फतकल मारून बसली होती, आणि आता कोपरापर्यंत रबरबँड चढवून मिरवत होती.

ती पडली, ओठ पांढरे पडले, रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. ऊन बाधलं, अंगातलं पाणी कमी झालं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी धोका टळल्याचं कळलं, तेव्हा मोठ्या बाईंनी पहिल्यांदा चहाचा घोट घेतला. तो घशाखाली उतरतोय तोवर अध्यक्ष आले.

अध्यक्ष धान्याचे व्यापारी. आवाज बसका, हिशेब चोख.

"बाई, संध्याकाळी कार्यकारिणीची बैठक आहे. पालक नाव मागतायत. मैदान खेळाच्या बाईंच्या ताब्यात होतं. त्यांना घरी पाठवू आणि विषय मिटवू."

"पण मी दौड बंद करायला सांगितली होती," बाई म्हणाल्या. "ऊन चढलं, तसा इथूनच ऑफिसात फोन करून निरोप दिला. तुम्ही समोर बसला होतात."

"होतो ना! मी साक्षीला आहे. तुम्ही सांगितलंत, लगेच बाहेर पोरांचा ओरडा झाला. मला वाटलं, सुटली दौड."

"मलाही तेच वाटलं. तो ओरडा होता अर्धा तास वाढवल्याचा."

अध्यक्ष पुढे वाकले. मग म्हणाले, "म्हणजे निरोप कुणीतरी फिरवला."

"कुणी, ते मी शोधते. त्या पोरीची नोकरी अशी फुकटात जाऊ देणार नाही मी."

"संध्याकाळपर्यंत," अध्यक्ष म्हणाले. "नाहीतर नाव तयार आहेच."

निरोप निघाला तेव्हा दौड संपवायची होती. मैदानावर पोचला तेव्हा ती लांबवायची झाली होती. आणि मधे माणसं होती अवघी तीन.

२

पहिला माणूस राघूभाऊ. शाळेचे लेखनिक. खरं नाव हजेरीपटापुरतं, बाकी सगळ्यांचे राघूभाऊ. कारण त्यांना निरोप दिला की तो पोपटासारखा जसाच्या तसा पोचणार. एकदा एका पालकांनी "तुमच्या त्या खडूस बाईंना सांगा" अशी सुरुवात केली होती, तर राघूभाऊंनी "तुमच्या त्या खडूस बाईंना सांगा" इथपासूनच सांगितलं होतं.

"राघूभाऊ, काल मी दिलेला निरोप तुम्ही कुणाला सांगितलात?"

"भोंगा सरांना. ते माइकवर होते ना."

"काय सांगितलंत?"

"तुम्ही बोललात तेच. कानामात्रेचाही फरक नाही, बाई. मी अर्थात शिरतच नाही. अर्थात शिरलं की घोळ होतो."

"आणि सर काय म्हणाले?"

राघूभाऊंनी आठवून सांगितलं, "'वा!' म्हणाले."

वा? पोरांचा खेळ बंद करा म्हटल्यावर कुणी वा म्हणतं? बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"खरं सांगा राघूभाऊ, वाटेत काही झालं का? कुणी भेटलं?"

राघूभाऊंचे कान लाल झाले. हातातली किल्ली ते उगाच पुसत राहिले.

"झालं, बाई. तुमच्यापासून काय लपवायचं. वाटेत माझी नात धावताना दिसली. दोन मिनिटं थांबून तिला टाळ्या वाजवल्या. निरोप खिशात ठेवून टाळ्या वाजवत बसलो. रात्रभर तेच खातंय मला."

"दोन मिनिटांनी काही झालं नसतं."

"तसं नाही. पण बाई..." त्यांनी बाईंकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. "जाऊ दे. मी कोण बोलणारा."

आणि ज्या माणसाने आयुष्यात एक शब्द गिळला नव्हता, तो वाक्य अर्धवट टाकून खोलीबाहेर निघून गेला.

३

भोंगा सर म्हणजे चित्रकलेचे सर. नोकरी टेंपररी, आवाज मात्र पर्मनंट. माइक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात येऊ नये असा. ते हॉलमध्ये भोंग्याच्या वायरी गुंडाळत होते. हॉलचं दार रस्त्याच्या बाजूला, म्हणून बाई फाटकाबाहेरून वळसा घालून तिकडे निघाल्या. शाळेसमोरचे म्हातारे वहीवाले दुकानाच्या फळ्या लावत होते.

"काय हो, आज दुपारीच वाढवलंत?" बाईंनी जाता जाता विचारलं.

"मग काय करू? तुमच्या शाळेला सुटी. बसून माश्या मारू?" वहीवाले म्हणाले. "पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे," बाई म्हणाल्या आणि आत वळल्या.

त्यांना बघताच भोंगा सरांच्या हातून वायरीचं वेटोळं सुटलं.

"सर, काल दौड वाढवल्याचं माइकवरून तुम्ही जाहीर केलंत."

"केलं, बाई. वरून आलं तेच बोललो. आता तुम्ही म्हणाल तसं."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे... बैठकीत तुम्हाला जसं हवं तसं सांगेन मी. माझी नोकरी टेंपररी आहे. मला कळतं सगळं."

बाईंचा पारा चढला. "सर, मला खरं हवंय!"

"हो बाई. खरंच सांगतो. फक्त कुठलं ते सांगा."

काय म्हणावं या माणसाला! बाईंनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. वर्गात पेन्सिली चोरणाऱ्या पोरासमोर बसायच्या तशा.

"अर्धा तास कुणी ठरवला?"

सरांनी मान खाली घातली. मोठा आवाज पार तळाला गेला. "मी."

"तुम्ही?"

"निरोपात किती वेळ ते नव्हतंच. मी आपला अर्धा तास ठोकून दिला. पोरं ओरडली, पालक ओरडले, मला चेव आला. माइक हातात आला की माझं भान सुटतं, बाई. पोरांचे चेहरे लाललाल झालेले मला दिसत होते. दिसत होते आणि मी 'शाब्बास वाघांनो' करत होतो. ती पोर माझ्या समोरून तीनदा गेली असेल. मी तिला थांब म्हटलं नाही."

सरांचे डोळे भरून आले. बाईंना दया आली, पण डोकं दुसरीकडेच चालू होतं. निरोपात किती वेळ ते नव्हतं. मुद्दाम थाप मारणारा माणूस अशी अर्धवट थाप मारत नाही. 'बाईंनी वीस मिनिटं वाढवायला सांगितलंय' असं नीट बेतून बोलतो. मग हा निरोप कुणी रचलेला नाही. आणि राघूभाऊंनी तर तो फिरवलेला नाही, ते त्यांच्याने होणारच नाही.

म्हणजे न फिरवलेला निरोप फिरला होता.

"खेळाच्या बाई काय म्हणाल्या तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तुमच्या खोलीच्या खिडकीकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग शिट्टी वाजवली."

४

खेळाच्या बाई खेळाच्या सामानाच्या खोलीत होत्या. एका पिशवीत स्वतःचे बूट, टॉवेल, टोपी भरत होत्या.

"अगं, हे काय चाललंय?"

"माझं सामान, बाई."

"कुणी सांगितलं तुला आवरायला?"

"सांगायला कशाला हवं?"

ही मुलगी याच शाळेत शिकलेली. दोन वेण्यांची होती तेव्हापासून बाई तिला 'अगं' म्हणत आल्या होत्या. बी.पी.एड. झाली, तेव्हा बाईंनीच तिला बोलावून घेतलं. घरी आजारी आई, धाकटा भाऊ अजून शिकतोय. ही नोकरी गेली तर त्या घराची चूल कशावर पेटणार, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं.

"मला एक सांग. दौड थांबवावी असं तुला वाटलं होतं?"

"वाटलं होतं. ऊन फार होतं. शिट्टी तोंडात धरली होती."

"मग?"

"मग निरोप आला."

"कुणाचा?"

खेळाच्या बाईंनी हातातली टोपी खाली ठेवली आणि मोठ्या बाईंकडे पाहिलं. राग असता तर बाईंना कळला असता. हे काहीतरी वेगळंच होतं. जवळच्या माणसाला खोटं बोलताना पकडल्यावर आपल्यालाच लाज वाटते, तसलं काहीतरी.

"बाई, मी बैठकीत काही बोलणार नाही. तुम्ही निश्चिंत राहा."

"अगं, पण बोल ना! मी तुझ्यासाठीच धडपडतेय!"

"माझंही चुकलंय. मुलं माझ्या ताब्यात होती. मला दिसत होतं आणि मी वाजवली शिट्टी. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन मला माझं धुऊन काढायचं नाही."

दुसऱ्या कुणाचं! बाईंनी नेमका तेवढा धागा पकडला. ही कुणालातरी पाठीशी घालतेय. कुणाला? मधल्या सुट्टीत खेळाच्या बाई आणि भोंगा सर एकाच बाकावर डबा खातात, असं शिक्षकांच्या खोलीत हळूच बोललं जायचं. मन बसलंय की काय हिचं त्याच्यावर? त्या बडबड्यावर?

बाईंना वाटलं, उलगडा झाला. भोंगा सरांनी उत्साहाच्या भरात आपल्याच मनाने दौड वाढवली, आता 'वरून आलं' म्हणतायत, आणि ही पोर त्यांच्यासाठी स्वतःचा बळी देतेय. सगळं जुळत होतं. एक सोडून. राघूभाऊंनी ऐकलेलं ते 'वा!'

बैठकीला तासभर होता. मुंगीला बघून येऊ आणि मग सरांचं नाव देऊ, असं ठरवून बाई दवाखान्यात गेल्या.

५

दवाखान्याच्या गॅलरीत मुंगीचे बाबा भिंतीला टेकून उभे होते. किल्ल्या बनवणारे गृहस्थ. बोटांना कानशीचे काळे डाग. बाईंना वाटलं, हे आता आपल्यावर तुटून पडणार. त्यांनी मनाची तयारी केली.

"आत जा बाई, जागी आहे," ते म्हणाले. "मला काही जाववत नाही."

"का हो?"

"कुठल्या तोंडाने जाऊ? ती दोनदा माझ्याकडे बघत गेली. 'बाबा, पाय दुखतात' म्हणाली. मी म्हटलं, 'अजून एक, अजून एक!' शेजारचा बाजूला उभा होता. सकाळी म्हणाला होता, ही चिमुरडी काय धावणार. त्याला दाखवायचं होतं मला." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "शेजाऱ्याला दाखवायचं होतं, बघा."

त्यांच्या दंडावर थोपटून बाई आत गेल्या.

पलंगावर मुंगी अजूनच लहान दिसत होती. हाताला सलाइन, दुसऱ्या हाताचे रबरबँड कुणीतरी काढून पलंगाच्या दांडीला अडकवलेले. बाईंना बघून ती उठायला लागली.

"झोप, झोप. कसं वाटतंय?"

"सॉरी, बाई."

"सॉरी कशाबद्दल?"

"मी थांबले." तिने दांडीवरच्या रबरबँडांकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं होतं ना, थांबायचं नाही. मी पडले आणि मग मला उठताच आलं नाही."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"अगं वेडे, दमल्यावर आधीच नाही का थांबायचं?"

"थांबणारच होते, बाई. टाकीपाशी थांबलेच होते. पाणी पीत होते. तेवढ्यात राघूकाका पळत आले आणि तिथेच माइक घेऊन उभ्या असलेल्या भोंगा सरांना म्हणाले, 'मोठ्या बाई म्हणाल्यात, दौड वाढवा आता.' मग मी पाणी टाकलं आणि परत पळाले. तुम्हीच म्हणालात तर कसं थांबायचं?"

"मी? मी असं कधी..."

बाई एवढंच बोलल्या आणि त्यांना कालचा फोन आठवला.

फोन हातात होता. समोर अध्यक्ष बसले होते. खिडकीतून ऊन दिसत होतं. आणि त्या राघूभाऊंना म्हणाल्या होत्या, 'मैदानावर सांगा, दौड वाढवा आता.'

त्या कापडवाल्याच्या लेक होत्या. त्यांच्या घरात दुकान कधी 'बंद' झालं नाही. 'बंद' म्हटलं तर अशुभ बोलू नको म्हणून वडील अंगावर यायचे. दिवेलागण झाली की गल्ल्यावरून हाक यायची, 'वाढवा रे!' आणि नोकर कापडाच्या ठाणांच्या घड्या करायला लागायचे. आवरतं घ्या म्हणताना बाईंच्या तोंडी आपसूक हाच शब्द यायचा. तो म्हणताना कुणी दुसरा अर्थ घेईल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. अध्यक्षही दुकानदारच, त्यांनाही तो बरोबर कळला. राघूभाऊंनी अर्थात न शिरता तो नेऊन पोचवला. आणि दुकानाचा गल्ला कधी न सांभाळलेल्या भोंगा सरांनी तो जसा ऐकला तसाच घेतला, 'वा!' म्हणून.

सकाळपासून त्या ज्यांना प्रश्न विचारत फिरल्या, त्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. प्रत्येकजण मनात म्हणत होता, बाई स्वतःचं कुणाच्या तरी गळ्यात मारायला निघाल्यात. म्हणून राघूभाऊंनी वाक्य गिळलं. म्हणून सरांनी विचारलं, खरं कुठलं ते सांगा.

"बाई, तुम्ही रागावलात?" मुंगीने विचारलं.

"तुझ्यावर नाही गं," बाई म्हणाल्या. त्यांनी तिचं पांघरूण सारखं केलं आणि त्या बैठकीला निघाल्या.

६

बैठकीत बाईंनी सगळं उभ्यानेच सांगितलं. राघूभाऊंना बोलावून वाक्य म्हणायला लावलं. त्यांनी ते खाली बघत म्हटलं. "तुम्हाला काय कळलं?" असं भोंगा सरांना विचारलं, तेव्हा ते गोंधळून म्हणाले, "वाढवा म्हणजे... वाढवा. दुसरं काय असतं?"

अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "अहो, आमच्या पेढीवर रोज हाच शब्द! मी समोर बसून ऐकला, मलाही बंद असंच कळलं. काय हा घोळ!" आणि त्यांच्या खांद्यांवरचं ओझंच उतरलं. "म्हणजे कुणाचीच चूक नाही. लिहा हो, गैरसमजातून घडलेला प्रकार. खेळाच्या बाईंना कामावर राहू द्या. पालकांना मी समजावतो. चहा सांगा."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. बाईंचाही. मान्य करायला लाज वाटते, पण त्या क्षणी त्यांना सुटल्यासारखं वाटलं. शब्द आडवा आला, माणसं नाहीत. त्या तशाच बाहेर आल्या. खेळाच्या बाई व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"ऊठ, ती पिशवी रिकामी कर," बाई म्हणाल्या आणि शेजारी बसून सगळी हकिगत सांगितली. खेळाच्या बाई ऐकत राहिल्या. मग हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

"मला वाटलं, तुम्ही... मी काय काय वाटून घेतलं, बाई. माफ करा."

"ते राहू दे. मला एक सांग. तू शिट्टी तोंडात धरली होतीस. माझ्या खिडकीकडे बघत होतीस. मैदानापासून माझी खोली किती लांब आहे? धावत आली असतीस, म्हणाली असतीस, बाई, एवढ्या उन्हात वाढवायची कशाला? तर मी तिथेच म्हटलं असतं, अगं बाई, बंद करा. का नाही आलीस?"

खेळाच्या बाईंनी पदराने डोळे पुसले. प्रश्नच कळला नसावा, तशा त्या बघत राहिल्या.

"तुम्हाला विचारायला?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, तक्रारही नव्हती. "बाई, तुम्हाला कोण विचारणार?"

व्हरांड्यात चहाचे कप घेऊन कुणीतरी गेलं. वीस वर्षांत बाईंना उलटून कुणी काही विचारलं होतं, असा एकही प्रसंग त्यांना आठवेना. राघूभाऊ नाहीत, सर नाहीत, ही नाही. पाय दुखत असताना हातातलं पाणी टाकून पळालेली ती पोरही नाही. सगळ्यांना त्यांनी पुढे जायला शिकवलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्या उठल्या. आत हशा चालू होता, कुणीतरी शब्दांच्या आणखी गमती सांगत होतं. बाईंनी दार ढकललं.

"अध्यक्षसाहेब, ते 'गैरसमज' खोडा."

"अहो बाई, आता कशाला? मिटलं ना सगळं."

"पालकांनी नाव मागितलंय," बाई म्हणाल्या. "माझं लिहा."